खजुराच्या डब्यात नसलेलं कार्ड

अन्याय झाला तो आमच्या ऑफिसातल्या आंटींवर. गणपती बसायच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी दहाच्या चहाला, सगळ्या सेक्शनच्या देखत. त्यांना त्यांच्या खुर्चीवरून उठवलं आणि खाली रिसेप्शनला बसवलं. कागदावर कारण लिहिलं, ‘टीम स्पिरिटचा अभाव’. खरं कारण एवढंच, की त्यांनी स्वतःचं कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

मी इचलकरंजीची. कॉलेजात असताना यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. पत्रकाचा नियम साधा असतो. वर पहिल्यांदा अन्याय कोणावर झाला आणि कधी, खाली शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं. मधलं सगळं छापखानेवाला जागा बघून कापतो. दुबईत आल्यापासून एकही पत्रक लिहिलेलं नाही. इथे ते चिकटवायला भिंतच नाही. पण सवय जात नाही, म्हणून वरचं वर लिहून टाकलं. आता मधलं सांगते, आणि हे कापायला कोणी नाही.

आमचं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. कंपनी कारखान्यांना देखभालीची माणसं पुरवते. वेल्डर, फिटर, मचाण बांधणारे. त्यातली मोठी टोळी दूर अबुधाबीपलीकडे, रुवैसच्या रिफायनरीच्या बाजूला. आंटी मूळच्या वसईच्या, ख्रिश्चन, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. माणसांचे वैद्यकीय कागद आणि तक्रारी त्यांच्याकडे. मी त्यांच्या हाताखाली, समोरच्याच टेबलावर. दोघी अल कुसैसला राहायचो, म्हणून येणं-जाणं त्यांच्याच गाडीतून. पेट्रोलचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. फक्त गाडीत मी राजकारणावर बोलायचं नाही अशी अट होती, आणि ती मी रोज मोडायचे.

रुवैसचं काम ज्यांच्याकडे होतं ते आमचे सर. पुण्याचे. ऑफिसातल्या मराठी माणसांचे ते कुटुंबप्रमुखच म्हणा. कोणाला फ्लॅट बघून दे, कोणाच्या पोराला शाळेत प्रवेश मिळवून दे, सगळं त्यांच्याकडे. गणपती त्यांच्या घरी. आंटी दरवर्षी वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, नैवेद्याला घेऊन जायच्या, आणि वहिनी ती सगळ्यांत पुढे मांडायच्या.

आता कार्डाचं. ज्या कार्डाने आमची दारं उघडायची, त्यातच कंपनीने एक चिप घातली. टेबलावरच्या रीडरमध्ये कार्ड सरकवायचं, पिन मारायचा, आणि मग फाईलला कुलूप लावता येतं. कुलूप लावताना ठरवायचं, ही कोणाकोणाच्या कार्डाने उघडेल. त्या कार्डांखेरीज जगातल्या कुठल्याही कार्डाने ती उघडत नाही. मालकाच्याही नाही. कार्ड बिघडलं किंवा पिन विसरला, तरच आयटी त्याच कुलपांचं नवीन कार्ड करून देतं, तेही कारण नोंदवून. फाईल चोरून नेली तरी हाती नुसती अक्षरांची खिचडी.

हे सगळं ट्रेनिंगमध्ये सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आठवड्याच्या आत आमच्या लोकांनी त्याचं काय केलं? सरांच्या केबिनबाहेरच्या फळीवर खजुराचा रिकामा डबा होता. त्यात सगळ्यांनी आपापली कार्डं टाकली, मागे स्टिकरवर पिन लिहून. कोणी साईटवर जातो, कोणी सुट्टीवर इंडियाला जातो, मग मागे काम अडायला नको. इथे सुट्टीवर जाताना माणूस फ्लॅटची किल्ली शेजाऱ्याकडे देतो, तुळशीची कुंडी देतो, गाडीसुद्धा देतो. त्यातच कार्ड. डब्यात कार्ड टाकणं म्हणजे घरच्यांतला होणं. आणि पिन तरी काय? पोरीचा वाढदिवस, लग्नाची तारीख. त्या प्रत्येक तारखेचा केक सगळ्यांनी मिळून खाल्लेला.

त्या डब्यात आंटींचं कार्ड नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांनी त्यावर भाषण दिलं नाही, कोणाला शिकवायला गेल्या नाहीत. कार्ड गळ्यात, आणि घरी जाताना पर्समध्ये.

“आंटी, तुमच्या कार्डात काय दागिने आहेत काय?” अकाउंट्समधले काका चिडवायचे. ते नागपूरचे, वाढदिवस लक्षात ठेवण्यात पटाईत.

“दागिने असते तर दाखवले असते रे,” आंटी म्हणायच्या. “मिरवायलाच घेतात ना ते.”

उन्हाळ्यात रुवैसहून कुजबुज आली. भर उन्हाच्या महिन्यांत दुपारी उघड्यावर काम बंद, असा इथला नियम आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमचा फोरमन दुपारी गेट लावून घ्यायचा आणि आतल्या बाजूला काम चालू ठेवायचा. एक जण चक्कर येऊन मचाणावरून लोंबकळला, पट्टा होता म्हणून वाचला. कंपनीच्या आरोग्य विभागाच्या डॉक्टर अबुधाबीत बसतात, सुदानी बाई. त्यांनी आंटींना सांगितलं, जाऊन माणसांचे जबाब घ्या. फाईल तुमच्या आणि माझ्या कार्डाने उघडेल, तिसऱ्या कुणाच्या नाही.

आम्ही पहाटे निघालो. कॅम्पमधल्या पोर्टाकॅबिनमध्ये टोळी बसली होती, तोंडाला कुलूप लावून. बोलणार कोण? मागच्या वर्षी एक जण बोलला होता. त्याला ‘समजावून सांगितलं’ गेलं आणि पुढच्या आठवड्यात तो विमानात होता. समजावणं म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना कळत होतं.

आंटींनी जबाबाचं नावच काढलं नाही. लॅपटॉप उघडला, रीडर जोडला आणि विचारलं, “बोलो, क्या लिखूँ? कुछ भी.”

मग मागून एक जण म्हणाला, “लिखिए, फोरमैन गधा है.”

आंटींनी गंभीर चेहऱ्याने तेवढंच टाईप केलं. कार्ड सरकवलं, हाताचा आडोसा करून पिन मारला, फाईल बंद केली. मग मला म्हणाल्या, “पोरी, तुझं कार्ड लाव.” मी लावलं, माझा पिन मारला. पडद्यावर नकार. पुन्हा आंटींचं कार्ड. फाईल उघडली, आणि फोरमन गाढव आहे हे सगळ्यांनी वाचलं.

“बड़े साहब का कार्ड लगाओगे तो?”

“नहीं खुलेगा.”

“कंपनी के मालिक का?”

“नहीं.”

“मतलब,” तो मागचा म्हणाला, “फोरमैन गधा है, ये सिर्फ आपको मालूम रहेगा?”

“मुझे और डॉक्टर को.”

हसू असं फुटलं की केबिनचा पत्रा हलला. त्या हशानंतर ती माणसं एकेक करून आत गेली आणि बोलली. मी बाहेर, टोळीच्या बसच्या सावलीत, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या वाटत बसले. आत कोण काय बोललं मला माहीत नाही. कळू नये अशीच ती व्यवस्था होती. परतताना आंटी नेहमीसारख्या बडबडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “मी त्यांना शब्द दिलाय बाय. आता हे कार्ड माझं एकटीचं नाही.”

सरांना आठवड्यातच कळलं की जबाब झालेत. तसे ते काही राक्षस नव्हेत. त्यांना वाटत होतं, वर गेलं तर काम हातातून जाईल, त्यापेक्षा आपसात मिटवावं. ते आंटींच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले.

“आंटी, नावं कळली तर दोन शब्द समजावून सांगतो. कोणाला काही होणार नाही. इन्शाल्ला सगळं शांत होईल.”

“नावं फाईलमध्ये आहेत सर.”

“तेच म्हणतोय. तुम्ही जेवायला जा निवांत. कार्ड ठेवा इथे.”

“जेवायला मी कार्ड घेऊनच जाते.”

ते हसले आणि गेले. पुन्हा आले. एकदा गोड, एकदा घाईत, एकदा फोनवरून. घरी आंटींची लेकही कंटाळली. “ममा, इट्स जस्ट अ कार्ड,” ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. आंटी म्हणाल्या, “हो ना. नुसतं कार्डच आहे. मग एवढी माणसं त्याच्यामागे का लागलीत?”

मग तो शुक्रवार. शुक्रवारी अर्धा दिवस, म्हणून सगळे खुशीत. सरांनी सगळ्यांसाठी करक चहा मागवलेला, कपात वेलचीचा वास. आणि त्या वासात ते मोठ्याने म्हणाले, “आंटी, इतकी वर्षं माझ्या घरी गणपतीला जेवता. आणि कार्ड द्यायची वेळ आली की मी परका? मला चोर समजता?”

सगळे कप हवेत थांबले.

आंटी उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “सर, तुमच्या घरी जेवते म्हणून तुमच्या घराची किल्ली मी कधी मागितली नाही.”

पत्रकांत मी शेकडो घोषणा लिहिल्यात. असं एक वाक्य मला कधी सुचलेलं नाही.

सरांचा चेहरा उतरला आणि मग आवळला. “ठीक आहे. ज्यांना टीम नको, त्यांनी दारात बसावं.” पाहुण्यांना पास देणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, ती जागा आंटींना. आजपासून. नवीन कार्ड मिळेल, जुनं जमा करा.

आंटींनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. “कार्ड कंपनीचं आहे, घ्या. पिन माझा आहे.” स्वतःचा कप धुतला, लेकीचा फोटो आणि शाल उचलली आणि लिफ्टने खाली गेल्या. कोणी उठलं नाही. मी उठले, आणि मला त्यांनी नजरेनेच खाली बसवलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी फुटले. “आंटी, मी पत्रक काढते. आज रात्रीच लिहिते.”

“आणि लावणार कुठे? मेट्रोच्या खांबाला?” त्या हसल्या. खरंच हसल्या. “खलास. मग दोघी एकाच विमानाने घरी. तू थांब गं. त्यांच्याकडे कार्ड आहे, पण फाईल नाही. अजून नाही.”

सोमवारी सकाळी सर स्वतः आंटींच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले, माझ्या बरोब्बर समोर. खिशातून कार्ड काढलं, रीडरमध्ये सरकवलं. मग मान वळवून, अगदी सहज, नागपूरच्या काकांना विचारलं, “अरे, आंटींच्या लेकीचा वाढदिवस कधी रे? जवळ आला ना?”

काका खुलले. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला की त्यांना पदक मिळाल्यासारखं होतं. “आठ सप्टेंबर! मदर मेरीचा वाढदिवसही तोच ना, आंटी दरवर्षी सांगतात. पोरीचा तेरावा वाढदिवस आपण इथेच नाही का केला, चॉकलेट केक?”

सरांनी मनात वर्षाचा हिशोब केला. बोटं कीबोर्डवर चालली. रीडरवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला, आणि पडद्यावर नकार.

“आणि लग्नाचा त्यांचा पंचविसावा कधी झाला रे? आपण गेलो होतो बघ.”

काकांनी तेही सांगितलं, मेन्यूसकट. दिवा पुन्हा लुकलुकला. तिसरी तारीख सरांनी कोणाला विचारली नाही. आंटी दुबईत उतरल्या तो दिवस. त्या दिवशी दरवर्षी त्या ऑफिसात पेढे वाटायच्या, म्हणून ती सगळ्यांनाच पाठ. बोटं चालली, आणि दिवा लाल झाला आणि लालच राहिला.

तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. काकांच्याही पडला असावा. ते एकाएकी आपल्या कॅल्क्युलेटरकडे बघायला लागले. या माणसाने आंटींच्या घरचे तीन आनंद एकामागून एक कुलपात घालून बघितले होते, आणि एकही लागला नव्हता.

“अगं,” सर मला म्हणाले, “हे कार्ड खराब झालंय. आयटीला दे, सांग आंटींनी खराबच दिलं. नवीन करून, सगळ्या फायली माझ्या नावावर घ्यायला सांग.”

मी कार्ड घेतलं आणि वरच्या मजल्यावर गेले. आयटीत एक मल्याळी बसतो, कमी बोलणारा. त्याने कार्ड आपल्या मशीनला लावलं.

“खराब नहीं है. लॉक हो गया. तीन बार गलत पिन. मैडम भूल गई?”

‘हो’ म्हणायला एकच अक्षर लागलं असतं. आंटी विसरल्या, म्हातारपण आलं, नवीन करून द्या. फाईल सरांच्या नावावर, आणि रुवैसची ती माणसं एकेक करून ‘समजावली’ गेली असती. तो पत्रा हलवणारा हशा माझ्या कानात होता.

“मैडम नीचे रिसेप्शन पर है,” मी म्हणाले. “मैडम ने शुक्रवार से हाथ नहीं लगाया.”

“फिर किसने?”

मी सांगितलं.

त्याने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “लिख के दोगे?”

लिहायची मला सवय आहे. पण आमच्या पत्रकांखाली कधी नाव नसायचं. ‘एक कामगार मित्र’ एवढंच. या वेळी मी चार ओळी लिहिल्या आणि खाली माझं पूर्ण नाव, माझा कर्मचारी नंबर. अक्षर माझं चांगलं आहे.

त्याने तो कागद अबुधाबीच्या डॉक्टरांना पाठवला. फाईल उघडणारं दुसरं कार्ड त्यांच्याच गळ्यात होतं, आणि लांबच्या रजेवरून त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी स्वतः जबाब वाचले, नावं बाजूला ठेवून बाकीचं वरिष्ठांसमोर मांडलं आणि स्वतः रुवैसला जाऊन दुपारी गेटवर उभ्या राहिल्या. फोरमनला टोळीवरून काढलं. दुपारचं काम थांबलं. एकाही माणसाचं नाव बाहेर आलं नाही, एकही विमानात बसला नाही. आंटींनी दिलेला शब्द चिपमध्ये होता तसाच राहिला.

आंटींना मी रिसेप्शनला जाऊन सगळं सांगितलं. त्या पाहुण्याला पास देत होत्या. त्याला ‘वेलकम सर’ म्हणून झाल्यावर माझ्याकडे वळल्या आणि फक्त एवढं विचारलं, “सगळी आहेत ना तिथे?” मी म्हटलं, सगळी आहेत. त्यांनी छातीवर क्रूस केला आणि पुढच्या पाहुण्याला हाक मारली.

लेक मात्र संध्याकाळी उसळली. “दे ट्राइड माय बर्थडे? दॅट इज सो क्रीपी!” आणि मग नाक फुगवून, “वेट. माझा बर्थडे तुझा पिन नाहीये?” तिच्या तोंडून मराठी निघालं म्हणजे प्रकरण गंभीर.

“तू माझी लेक आहेस,” आंटी म्हणाल्या. “कुलूप नाहीस.”

तो पिन काय होता, मला आजही माहीत नाही. मी त्यांच्या गाडीत बसते, त्यांच्या घरी जेवते, माझ्या तापात त्यांनी रात्री जागून काढल्यात, आणि मला माहीत नाही. आयुष्यात मला फार कमी गोष्टींचा इतका अभिमान आहे.

खजुराच्या डब्यातलं पहिलं कार्ड काकांनी उचललं. त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी, कोणाकडे न बघता. “मी केक सांगितला होता, पिन नव्हता सांगितला,” एवढंच माझ्याजवळ पुटपुटले. मग एकेक करून बाकीचे. स्टिकर नखाने सोलून कचऱ्यात. आता त्या डब्यात खरोखरच खजूर असतो.

गणपतीला वहिनींचा मला फोन आला. मी विचारलं, आंटी येणार ना? “अगं, यंदा जरा मोजकीच माणसं बोलावलीत.” मी म्हटलं, मग मोजक्यांतून मलाही वगळा. त्या दिवशी आंटींनी वसईहून आलेली सुकेळी अल कुसैसला आपल्याच टेबलावर ठेवली. काकाही आले, बायकोला घेऊन. आम्ही ती सगळी संपवली.

पण आंटी अजून रिसेप्शनलाच आहेत. हे लक्षात घ्या. कंपनीने नियम कडक केले, डबा रिकामा झाला, माणसं वाचली, आणि ज्या बाईमुळे हे झालं तिची खुर्ची परत आली नाही. सरांना ताकीद मिळाली म्हणतात. ते आपल्या केबिनमध्ये आहेत. ‘जागा भरली गेली’ असं उत्तर मला मिळालं. ती जागा मला दिलीय. मी त्या खुर्चीत बसत नाही. माझी जुनी खुर्ची ओढून घेते आणि त्यांची तशीच सरकवून ठेवते. कंपनीला ते बालिश वाटतं. वाटू दे.

आता शेवटची ओळ. ती तुमच्यासाठी आहे.

तुमचं कार्ड या क्षणी कोणाच्या ड्रॉवरमध्ये, कोणत्या डब्यात, कोणाच्या विश्वासावर पडलंय ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. उद्या सकाळी ते उचला, मागचा स्टिकर काढा, पिन बदला, आणि त्यात तुमच्या लेकराला घालू नका. आणि सिलिकॉन ओएसिसमध्ये कधी कामाने आलात, रिसेप्शनला पिकल्या केसांच्या, गळ्यात क्रूस घातलेल्या बाईंनी तुम्हाला पास दिला, तर वर येऊन पहिला प्रश्न आमच्या सरांना विचारा: खाली बसलेल्या बाईंना त्यांची खुर्ची परत कधी देताय? उत्तर मिळेपर्यंत बसू नका. चहा दिला तरी घेऊ नका.